पोढी, पागोळी आणि आड

राहत्या जागेलगत पाऊस साठवण्याचा नाशिकमधील जुना लेखी पुरावा त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने क्रमांक १० च्या लेण्यातील शिलालेखात लेणे खोदवल्याची नोंद करताना सोबत ‘पोढ्या’ करवल्याचेही सांगितले असून, पोढी म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे टाके होय. निवाऱ्याचे दान पाण्यावाचून पुरे होत नाही, ही जाण त्या नोंदीत दिसते. दख्खनचा अभंग काळा कातळ पाणी सहसा झिरपू देत नाही, त्यामुळे उतारावरून पोढीत उतरलेले पाणी पावसाळा सरल्यावरही भिक्षूंना पुरत असे.

गावातील वाड्यांची गरज वेगळी होती. नाशिककर जिला गंगाच म्हणतात ती गोदावरी जवळ असली, तरी ऐन पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ होई आणि ते तुरटी फिरवून किंवा निवळीची बी उगाळून निवळावे लागे. पाणी दुथडी असतानाच स्वच्छ पाण्याची अडचण पडे, आणि अशा दिवसांत पागोळ्या, म्हणजे वळचणीवरून ओघळणाऱ्या धारा, उपयोगी पडत. कौलांवरची धूळ व पाखरांची विष्ठा धुऊन नेणाऱ्या पहिल्या सरी सोडून द्यायच्या, मग धार नितळ झाली की तोंडाला पातळ फडके बांधलेला हंडा किंवा घंगाळ तिच्याखाली ठेवायचे, अशी ही रीत होती. पावसाचे पाणी ताणलेल्या स्वच्छ पांढऱ्या वस्त्रातून धरावे, असे सुश्रुतसंहिताही सांगते. विहिरीच्या पाण्याहून त्यात क्षार कमी असल्याने डाळ लवकर शिजते.

भांड्यांतली ही साठवण मात्र अल्पच होती. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. नाशिक शहराचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर धरला, तर तीस चौरस मीटरच्या छपरावर एकवीस हजार लिटर पाणी पडते, आणि त्यापुढे चार रांजण काहीच नव्हेत. खरा साठा अंगणाखाली होता. चौकातील किंवा परसातील आडात, म्हणजे घरच्या अरुंद, गोल विहिरीत, मुरमातून झिरपलेले पाणी हळूहळू उतरे आणि पोहऱ्याने ते पुन्हा वर येई.

नळ घरोघरी पोहोचले, १९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झाले, तसे आड आधी वापरातून गेले आणि मग भराव घालून बुजवले गेले. त्यांवर फरशी आल्यावर छपराचे पाणी मोरीतून सरळ गटारात वाहू लागले.