पीएफची कुंपणे आणि खानदेशचा स्थलांतरित कामगार

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण भीमस्मृती यात्रेला जमतो. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागात पोटासाठी गेलेली आपली माणसेही त्या दिवशी भेटतात. आम्ही त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : पीएफ कापतात का? पन्नाशी गाठलेल्या माणसाकडून उत्तर येते, "नाही." किंवा, "कापत होते, पण नंबर कुठे आहे?"

तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या हाती म्हातारपणी काहीच का उरत नाही? व्यसन, उधळपट्टी, नशीब अशी उत्तरे आपल्या तोंडावर फेकली जातात. आम्हाला ती मान्य नाहीत. खरे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. 'पीएफचा कायदा बाबासाहेबांनी केला' असा मेसेज दर १४ एप्रिलला फिरतो. इतिहास असा आहे : १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात उभी राहिली. कामगारांच्या स्थितीची देशभर पाहणी करणारी रेगे समिती १९४४ मध्ये नेमली गेली. पीएफचा अध्यादेश मात्र १५ नोव्हेंबर १९५१ चा आणि कायदा १९५२ चा. तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते आणि मजूरमंत्री होते जगजीवनराम. बाबासाहेबांनी पाया घातला, एवढे सत्य पुरेसे आहे. त्यांचे मोठेपण उसन्या श्रेयावर उभे नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९५२ मध्ये तो फक्त सहा उद्योगांना लागू झाला. कापडउद्योग त्यात होता, म्हणून अमळनेर, धुळे, जळगावच्या गिरण्यांतला कामगार त्याच्या कक्षेत आला. पण भोवती तीन कुंपणे होती. कारखान्यात किमान ५० कामगार हवेत. कामगाराची एक वर्षाची सलग नोकरी हवी. पगार ३०० रुपयांच्या आत हवा. कपात रुपयामागे एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के, आणि तेवढीच भर मालकाची.

एक चौथे कुंपणही होते. ते कायद्यात लिहिलेले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धाग्याला तोंड लावावे लागते, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. पीएफ हा मजुरीचा हिस्सा असतो. जातीने जिथे मजुरी कमी केली, तिथे म्हातारपणाची पुंजीही कमी झाली. हे गणित कोणत्याही पासबुकात दिसत नाही.

'एक वर्षाच्या नोकरी'चे कुंपण कोणावर पडले? जो नुकताच गावाहून आला त्याच्यावर. कंत्राटदाराने अकराव्या महिन्यात काढले की वर्ष पुन्हा शून्यापासून सुरू. ही अट हळूहळू सैल होत गेली आणि १ नोव्हेंबर १९९० पासून कामाच्या पहिल्याच दिवशी सभासदत्व मिळू लागले. म्हणजे नव्या कामगाराला पहिल्या दिवसाचा हक्क मिळायला ३८ वर्षे लागली.

पण तो हक्क कारखान्याच्या फाटकातच अडकला. बारडोलीकडे ऊस तोडायला खानदेशातून टोळ्या जात आल्या आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडायची. कारखान्याच्या कायम कामगाराला पीएफ, पण तोडणाऱ्याचे नाव हजेरीपटावरच नाही. कंत्राटदारामार्फत ठेवलेल्या कामगाराच्या पीएफची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरही आहे. परंतु नावच नसेल तर जबाबदारी सिद्ध कशी करणार?

यंत्रमागाची गोष्ट वेगळी नाही. ५० कामगारांची अट १९६० मध्ये २० वर आली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती २० च आहे. मग एकाच शेडचे कागदावर तीन मालक होतात आणि प्रत्येकाकडे कामगार असतात १५! जळगावच्या चटई कारखान्यांत किंवा डाळमिलमध्ये उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या भावांनाही हाच कायदा लागू आहे. त्यांना परके समजू नका. उधन्यात आपण जे आहोत, तेच ते जळगावात आहेत.

पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला १५,००० रुपये झाली. पुढची दहा वर्षे ती हलली नाही. पगार २५,००० असला तरी मालक १५,००० वरच १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरून मोकळा होऊ शकतो. पहिलीच नोकरी १५,००० च्या वर असेल तर कामगाराला पीएफबाहेर ठेवण्याचीही सोय आहे. याउलट २००८ मध्ये परदेशातून येथे कामाला येणाऱ्यांसाठी वेगळा नियम झाला : पूर्ण पगारावर वर्गणी, मर्यादा नाही. त्यामागे इतर देशांशी करार करण्याचा हेतू होता हे आम्हाला ठाऊक आहे. या नियमावरून पुढे न्यायालयात वादही झाले. पण एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारला हवे तेव्हा मर्यादा काढता येते. साक्रीहून सुरतेला गेलेल्या माणसासाठी ती इच्छा का होत नाही?

असंघटितांना २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना दाखवली जाते. वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये कामगाराने भरायचे, तेवढेच सरकार भरणार, साठीनंतर ३,००० रुपये पेन्शन. यात मालक कुठे आहे? तो अलगद बाहेर पडला! ज्याच्या नफ्यासाठी घाम गाळला, त्याने म्हातारपणाचा वाटा उचलावा, हे तर पीएफचे मूळ तत्त्व होते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पीएफचा हक्क कारखान्याच्या आकाराला नव्हे, माणसाला जोडा. मुकादमाच्या वहीतले प्रत्येक नाव मूळ मालकाच्या हजेरीपटावर घ्या.

आणि काम आपल्यालाही आहे. गाव सोडणाऱ्या प्रत्येक तरुणाचा यूएएन नंबर घरच्या वहीत लिहून ठेवा. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच ठेवा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. मध्येच पेन्शनचे पैसे काढले तर आधीची वर्षे पुसली जातात. येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर येताना निळ्या झेंड्यासोबत ती वहीही आणा. आम्ही तिथे बसून एकेक नंबर तपासू.

जय भीम!