छापीची कुळकथा

डिसेंबरातल्या उरुसात माहीमच्या मखदूमशाहबाबांच्या दर्ग्याकडे पोलिसांचा संदल वाजतगाजत निघतो, तेव्हा गर्दीच्या कडेला फकीरही येऊन बसतात. त्यांतल्या एकाला मी एकदा बाटलीतलं पाणी चिंधीवर शिंपडताना पाहिलं. चिंधी पिळली, चिलमीच्या बुडाशी चापून गुंडाळली, ओल बोटांनी चाचपली. शेजारचा पोरगा टक लावून बघत होता. त्या चिंधीला म्हणतात छापी.

चिलमीचं कूळ शोधू गेलं तर फार मागे जाता येत नाही. भांगेचं नाव अथर्ववेदात आहे, पण धूर ओढणं आपल्याकडे रुळलं ते बहुधा तंबाखूच्या मागोमाग. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला आणि परतताना बादशहासाठी तंबाखू, हुक्का असा सरंजाम घेऊन गेला. म्हणजे मुघल दरबाराला या धुराची ओळख करून दिली ती दख्खनने! चिलीम ही त्या हुक्क्याच्या डोक्यावरची वाटी, शब्द फारशी. बैराग्याच्या झोळीत हुक्का कुठला मावायला? नळी गेली, पाण्याचं भांडं गेलं, हातात मातीची चिलीम तेवढी उरली. धूर निववायचं पाण्याचं काम मग त्या ओल्या चिंधीवर आलं असावं, असा माझा तर्क.

भांगेच्या झाडाला गुरूशी जोडणारी गोष्ट मात्र तंबाखूच्या आधीची. इजिप्तचा इतिहासकार अल-मक्रीझी सांगतो, की खुरासानच्या शेख हैदरला भर उन्हात एकच झाड डोलताना दिसलं. त्याने पानं चघळली, हसतमुखाने परतला आणि शिष्यांना हे गुपित राखायला सांगितलं. गोष्ट झकास, इतिहास म्हणून कच्ची.

आपल्याकडच्या गोष्टींत नशेला फारसा भाव नाही. माहीमची खाडी ओलांडली की वांद्रे. तिथे राहणाऱ्या गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, म्हणजे हेमाडपंतांनी, साईसच्चरितात धूपखेड्याच्या चांद पाटलाची गोष्ट सांगितली आहे. घोडी हरवलेला पाटील. झाडाखाली फकीर, हातात तंबाखूची चिलीम. फकिराने चिमटा खुपसून जमिनीतून विस्तव काढला, सटका आपटून पाणी काढलं. पाणी कशाला? छापी भिजवायला. चमत्कारातसुद्धा छापी कोरडी ठेवून चालत नाही! मग दोघांनी एकच चिलीम ओढली.

शेगावची कथा गांजाची. काशीचा गोसावी नवसाची पुडी घेऊन आला आणि लाजून कोपऱ्यात बसला. गजानन महाराजांनीच ती मागून घेतली. महाराजांचे चरित्रकार दासगणू लगेच बजावतात, की महाराज व्यसनाच्या आहारी कधी गेले नाहीत. ही घाई बोलकी आहे. त्यांच्या लेखी महत्त्व पुडीला नव्हतं, तर गोसाव्याचं मन राखण्याला होतं. मला तर वाटतं, खरा धडा छापीतच असावा. एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी माणसं तिथे एकाच चिंधीला मूठ लावत होती.

खुद्द मखदूम अली माहिमी (1372–1431) कुराणाचे भाष्यकार. आख्यायिका म्हणते, त्यांना समुद्रकाठी ख्वाजा खिज्रने शिकवलं. त्या शिकवणीत ना पान, ना धूर.

त्या फकिराने दोन झुरके मारले आणि चिलीम पलीकडच्या म्हाताऱ्याला दिली. फिरून परत आली तेव्हा पोराने हात पुढे केला. फकिराने चिंधी सोडवली आणि ती त्याच्या तळव्यावर ठेवली, पुन्हा भिजवून आणायला.