उलटून सरळ होण्याची विद्या

कयाक शिकायला गेलं की आज पहिल्याच दिवशी होडी मुद्दाम उलटवतात आणि तिच्यातून बाहेर पडायला शिकवतात. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्याला हा धडा निरुपयोगी होता. तिथल्या गोठणाऱ्या पाण्यात होडी सोडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत आखडतात. म्हणून होडी न सोडता पुन्हा वर येण्याची युक्ती त्या किनाऱ्यावर घडली. तिलाच आता रोल म्हणतात.

या युक्तीचं मूळ होडीच्या बांधणीतच आहे. ग्रीनलंडमध्ये होडीजोगी झाडं नाहीत. सैबेरियाच्या नद्यांतून समुद्रात आलेले ओंडके वाहत तिथल्या किनाऱ्याला लागतात. त्या लाकडाचा सांगाडा शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने व्हायचा: लांबी सुमारे तीन वाव, रुंदी कमरेपेक्षा थोडीच जास्त. त्यावर बायका सीलचं कातडं शिवत. टाका कातड्याच्या आरपार जाऊ द्यायचा नाही, म्हणजे पाणी झिरपत नाही. या शिवणीवर शिकाऱ्याचा जीव अवलंबून असे, तरी कयाकच्या इतिहासात तिचं नाव फार कमी निघतं. अंगात तुइलिक नावाचा कातडी अंगरखा असे. तो चेहऱ्याभोवती, मनगटांवर आणि होडीच्या तोंडाच्या कडेवर आवळून बांधत. माणूस आणि होडी मिळून एकच अंग होई.

उलटल्यावर वल्ह्याचं पातं पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरवायचं. त्याने क्षणभर आधार मिळतो. तेवढ्यात कंबर आणि गुडघ्याच्या झटक्याने आधी होडी सरळ करायची, मग धड, आणि डोकं सगळ्यांत शेवटी. नवशिका नेमका इथे चुकतो. श्वासासाठी तो डोकं आधी उचलतो. पाण्याबाहेर आलेल्या डोक्याचं वजन कमरेवर येतं आणि होडी पुन्हा पालथी होते.

इनुइटांकडे रोलचे कितीतरी प्रकार आहेत आणि मला ते अपघातांची यादीच वाटतात. वल्हं हातातून गेलं तर हार्पून फेकायच्या लाकडी फळीने. तीही गेली तर नुसत्या पंजाने, मुठीने. हार्पूनच्या दोरीत एक हात अडकला तर दुसऱ्या हाताने.

युरोपात हे पुस्तकांतून पोचलं. ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाने प्रवासवर्णनं वाचून, 1927 साली वायसनझे तलावात रोल साधला. त्याच्या नावाचा रोल आजही शिकवतात. इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स मात्र 1930-31च्या मोहिमेत थेट ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून शिकला. 1932च्या ऑगस्टमध्ये तो तिथेच एकटा सीलच्या शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक सापडली, तो कधीच सापडला नाही. रोल येणाऱ्यालाही समुद्र सूट देत नाही.

पुढे मोटारबोटी आल्या, शिकारीची जागा मासेमारीने घेतली आणि खुद्द ग्रीनलंडमध्ये रोल जाणणारे मोजके वृद्ध उरले. 1980च्या दशकात तिथल्या तरुणांनी कयाक मंडळं काढून त्यांच्याकडून ही विद्या पुन्हा उचलली. आता तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिच्यात हातात जड दगड किंवा वीट धरून वर येण्याचा रोल आहे, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून केवळ अंगाच्या हालचालीने वर येण्याचाही आहे. ताणलेल्या दोरांवर लटकून गिरक्या घेण्याच्या कसरतींनाही तिथे वेगळे गुण मिळतात. शिकाऱ्यांची मुलं पाण्यात उतरण्याआधी याच कसरतींनी अंग तयार करत.