कानस, अॅसिड आणि नियमावली

मला खेळापेक्षा त्याची नियमावली वाचायला जास्त आवडते. (धंद्याची सवय, दुसरं काय!) अमेरिकेतलं ड्रॅग रेसिंगच घ्या. दोन गाड्या, सरळ पाव मैल. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन सुरू केली. तिच्या 'स्टॉक' प्रकाराचं तत्त्व साधं: शोरूममधून निघालेली गाडी, आणि वजन-अश्वशक्तीच्या प्रमाणावरून गट.

आता ताकद म्हणजे शेवटी इंजिनात शिरणारी हवा, आणि ती जाते सिलिंडर हेडच्या पोर्टमधून. म्हणून हेड कंपनीचंच हवं, कास्टिंग नंबर जुळायला हवा, पोर्ट घासायचे नाहीत. पण कानशीचे ओरखडे दिसतात, अॅसिडचे थोडेच दिसतात! पोर्टमध्ये अॅसिड घातलं की वाट रुंद होते आणि हत्यार लागल्याची खूण राहत नाही. मग नियमावलीत 'अॅसिड-पोर्टिंग'वर नावानिशी बंदी आली. नुसती नजर पुरेना, तेव्हा पोर्टचं घनफळच मोजायचं ठरलं.

एवढा कीस कशाला? 1970 साली आलेल्या 'प्रो स्टॉक'मध्ये हेडवर काम करायची मोकळीक होती. तो प्रकार बघता बघता पैसेवाल्या टीम्सचा झाला. स्टॉकमध्ये मात्र घरच्या गॅरेजमधली जुनी गाडी आजही उतरते, ती याच किचकट मोजमापाच्या जिवावर.