कसुती
कापडाचे धागे मोजून करावयाचे पारंपरिक भरतकाम. कन्नड ‘कै’ (हात) व ‘सूत’ यांवरून हे नाव पडले, असे मानतात. धारवाड, बेळगाव व विजापूर या भागांतील स्त्रिया हातमागावरील सुती इरकली लुगड्यांवर ते करीत. आकृती आधी न रेखाटता गवंती, मुरगी, नेगी व मेंथी हे टाके घालतात. पहिल्या दोहोंत कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन हे प्रमुख आकृतिबंध होत. विसाव्या शतकात गिरणीचे व कृत्रिम धाग्यांचे तलम कापड प्रचारात आले. त्याचे धागे मोजणे अवघड असल्याने वर जाळीदार कापड टाचून टाके घालतात व नंतर त्याचे धागे उपसून काढतात.