एका मताची किंमत

२३ मार्च १९३३ रोजी बर्लिनमधील क्रोल ऑपेरागृहात भरलेल्या जर्मन संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार सरकारच्या हवाली केला. या ठरावास अनुकूल मत देणाऱ्यांत कॅथलिकांचा म्हणून ओळखला जाणारा सेंट्रम पक्षही होता. त्याचे अध्यक्ष लुडविग कास हे स्वतः धर्मगुरू होते. नाझी राजवटीचा विषय निघाला की आपण तिच्या छळाला बळी पडलेल्या हुतात्म्यांचे स्मरण करतो, ते उचितच आहे. परंतु त्या दिवशीच्या मताचाही विचार आपण केला पाहिजे. भयाने ग्रासलेली सज्जन माणसे काय देऊन बसतात, हे त्यातून कळते.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर १९१९ साली जर्मनीने वायमार संविधान स्वीकारले. त्याने नागरिकांना विस्तृत हक्क दिले. मात्र त्याच्या ४८व्या कलमाने राष्ट्राध्यक्षांच्या हाती एक असाधारण अधिकार ठेवला होता. सार्वजनिक सुरक्षितता गंभीर धोक्यात आल्यास त्यांना वटहुकूम काढता येत आणि व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य यांसह सात हक्क तात्पुरते स्थगित करता येत. संसदेने मागणी करताच असा वटहुकूम रद्द करावा लागे. हीच त्या अधिकाराची मुख्य मर्यादा होती. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी बंडाळी आणि चलनसंकट यांच्या काळात हे कलम वारंवार वापरले. त्यामुळे प्रजासत्ताक तगले. परंतु राज्यकर्त्यांना वटहुकुमांची सवयही जडली.

१९३० साली जागतिक मंदीच्या तडाख्यात सेंट्रम पक्षाचेच हाइनरिश ब्रुनिंग चॅन्सेलर होते. त्यांचा आर्थिक वटहुकूम संसदेने रद्द ठरविला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसदच विसर्जित केली आणि तो वटहुकूम थोड्या फेरफारांनिशी पुन्हा काढला. संविधानातील एक कलम दुसऱ्या कलमाच्या आड उभे करून मर्यादेला असा वळसा घालण्यात आला. त्यानंतरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२वरून १०७वर गेल्या. १९३२ साली संसदेने अवघे ५ कायदे संमत केले. वटहुकूम मात्र पन्नासाहून अधिक निघाले. ब्रुनिंग हुकूमशहा नव्हते. परंतु त्यांनी मळलेली वाट पुढे दुसऱ्याच्या उपयोगी पडली.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदभवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच ४८व्या कलमाखाली सातही हक्क ‘पुढील आदेश होईपर्यंत’ स्थगित झाले. तो ‘पुढील आदेश’ १९४५पर्यंत निघाला नाही.

अशा वातावरणात अधिकारप्रदान कायद्याचे विधेयक संसदेपुढे आले. संसदेवाचून, आणि प्रसंगी संविधानाविरुद्धही, कायदे करण्याची मुभा ते सरकारला चार वर्षांसाठी देत होते. त्यास दोन तृतीयांश बहुमत लागणार होते. म्हणून सेंट्रमच्या ७३ प्रतिनिधींकडे सर्वांचे लक्ष लागले होते. कम्युनिस्ट प्रतिनिधी तुरुंगात किंवा भूमिगत होते. सभागृहात गणवेशधारी नाझी स्वयंसेवक उभे होते. ब्रुनिंग यांनी पक्षाच्या बैठकीत विरोध केला. पण कास यांचा हिशेब निराळा होता. १८७०नंतर बिस्मार्कने धर्मगुरूंना तुरुंगात टाकले होते, येशूसंघाला हद्दपार केले होते; ती आठवण ताजी होती. आपल्या शाळा, आपल्या संस्था, आपल्या माणसांच्या सरकारी नोकऱ्या तरी वाचाव्यात, असे त्यांना वाटले. हिटलरने तोंडी आश्वासने दिली. ती लेखी देण्याचेही कबूल केले. ते पत्र कधीच आले नाही. मतदानात ४४४ विरुद्ध ९४ असा निकाल लागला. विरोधी मते देणारे सर्वजण ओटो वेल्स यांच्या नेतृत्वाखालील समाजवादी होते.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. ५ जुलै १९३३ रोजी सेंट्रम पक्षाने स्वतःचे विसर्जन केले. २० जुलै रोजी व्हॅटिकनशी करार झाला. त्याचे उल्लंघनही लवकरच सुरू झाले. ३० जून १९३४ रोजी बर्लिनमधील कॅथलिक अ‍ॅक्शनचे प्रमुख एरिश क्लाउझेनर यांना त्यांच्या कचेरीत गोळी घालण्यात आली. मार्च १९३७मध्ये झावळ्यांच्या रविवारी अकरावे पायस यांचे निषेधाचे परिपत्रक जर्मन चर्चांतून वाचले गेले. परंतु ज्या न्यायालयात दाद मागावी आणि ज्या संसदेत प्रश्न विचारावा, त्यांचे सामर्थ्य तोवर उरले नव्हते. चार वर्षांच्या कायद्याला मात्र पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली.

हा धडा आपल्या संविधानकर्त्यांसमोर होता. ऑगस्ट १९४९मध्ये आणीबाणीच्या तरतुदींवरील चर्चेत ह. वि. कामत यांनी वायमारचा दाखला देऊन इशारा दिला होता. १९७५मध्ये तो खरा ठरला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्धांना दाद मागता येणार नाही असा निर्णय दिला, तेव्हा पाच न्यायमूर्तींपैकी एकटे न्या. हं. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली.

संकटे येतात आणि सरकारला जादा अधिकार द्यावेही लागतात. ते देताना त्यांची मुदत किती, ते काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे आणि न्यायालयाचे दार उघडे आहे की नाही, हे आपण विचारले पाहिजे. आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने तर हे अधिकच आग्रहाने विचारावे. आमच्या शाळा व आमची मंदिरे सुरक्षित राहतील एवढ्या आश्वासनावर इतरांच्या हक्कांकडे पाठ फिरविण्याचा मोह आपल्यालाही होऊ शकतो. कास यांनी सर्वांच्या संरक्षणाची भिंत देऊन आपल्यापुरता आडोसा मागितला. त्यांना भिंत गमवावी लागली आणि आडोसाही मिळाला नाही.