सालाझारचा गोवा आणि वर्गीकरणाचा पेच

फॅसिस्ट अर्थनीतीला कोणत्या संज्ञेखाली घालावे, हा वाद बहुतांशी जर्मनी आणि इटली यांच्या आधारे लढला गेला. १९३५ साली दिमित्रॉव्हने फॅसिझमच्या मुळाशी वित्तभांडवल पाहिले. पोलॉकने १९४१ मध्ये 'राज्यभांडवलशाही' ही संज्ञा पुढे केली, तर नॉयमनने 'बेहेमोथ'मध्ये (१९४२) ती आत्मविसंगत ठरवली. मेसनने १९६६ साली राजकारणाचे प्राधान्य मांडले. पुढे नाझींनी सरकारी मालकीच्या बँकांचे भाग खासगी हाती विकले होते, याकडेही लक्ष वेधले गेले. या साऱ्या वादात एक गृहीत समान आहे: एका राजवटीची अर्थव्यवस्था एकच असते.

हे गृहीत गोव्यात टिकत नाही. (सालाझारची राजवट फॅसिस्ट म्हणावी का, हाही वादच आहे, लुसेनाने तिला फॅसिस्ट चळवळीवाचूनचा फॅसिझम म्हटले, आणि अर्थनीतीपुरते ते वर्णन मला पुरेसे वाटते.) वसई-नायगावच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज सत्ता १७३९ सालीच गेली. म्हणून इकडच्या वाचकाच्या मनात ती किल्ला आणि चर्च यांच्याशीच निगडित राहते. १९३३ नंतरचे पोर्तुगाल त्या प्रतिमेत मावत नाही.

त्या वर्षीच्या श्रमविषयक संहितेने पोर्तुगालमध्ये संप आणि टाळेबंदी दोन्ही बेकायदा ठरवली. कामगारांना राज्यमान्य संघटनांत बसवले. १९३१ पासून नवा कारखाना काढायलाही सरकारी अनुमती लागे. याच राजवटीखालील १९५०च्या दशकातला गोवा मात्र आयात मालाने भरलेला होता. परदेशी वस्तू मुबलक होत्या, आणि आयात-निर्यातीतली तूट मुंबईत व अन्यत्र गेलेल्या गोवेकरांनी पाठवलेल्या पैशातून भागे. भारताच्या आर्थिक नाकेबंदीनंतरही हे चित्र पालटले नाही, कारण तोवर लोहखनिज जपानकडे जाऊ लागले होते. 'पोर्तुगीज काळात सगळे स्वस्त होते' ही आठवण खोटी नाही. पण तिच्यावरून त्या राजवटीला उदार ठरवणे म्हणजे दुकानाच्या फळीवरून तुरुंगाचे मोजमाप करणे होय. १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्या यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिश येथे डांबले. त्याच साली १८ जूनला मडगावात लोहियांची सभा झाली, तिचा मुद्दा नागरी स्वातंत्र्याचाच होता.

म्हणजे मायदेशी परवाना आणि वसाहतीत बाजार. दोन्हीकडे समान होते ते बोलण्या-संघटित होण्याच्या हक्काचे निर्बंध. मालकी खासगी की सरकारी, या कसोटीवर हा समान धागा दिसतच नाही.

मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती माझ्या मांडणीलाही लागू होते. ज्या मुदतविरहित खाणहक्कांवर ही भरभराट उभी राहिली, त्यांचा कायदा १९०६ चा, म्हणजे राजेशाहीच्या काळातला. सालाझारने तो रचला नव्हता, वापरू दिला. अशा वारशाला 'फॅसिस्ट' हे विशेषण लावता येईल का? मुक्तीनंतरही ते हक्क टिकले. १९८७ साली संसदेने ते रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले, आणि कायद्यात तारीख घातली २० डिसेंबर १९६१.